रविवार रोस्टरमध्ये गेला, शब्बाथ कधी पाळायचा?

रात्रपाळी (धागाकर्ता):

सर्वांना सलाम.

ऐरोलीत एका कंपनीत सपोर्टचं काम करतो. घर कळव्याला, मंडळी (आमचं चर्च) ठाण्यात. रोस्टर फिरतं आहे आणि सध्या माझा वीकली ऑफ मंगळवार-बुधवार पडतो. शनिवारची रात्रपाळी संपवून थेट उपासनेला आलो की पहिल्या गीतापर्यंत टिकतो, उपदेशाला डुलक्या सुरू. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या काकांनी परवा स्पष्टच सांगितलं, 'बाबा, तू चौथी आज्ञा मोडतोयस. नोकरी बदल.' ईएमआय कोण भरणार, हे काकांना विचारण्याची हिंमत झाली नाही.

चौथी म्हणजे दहा आज्ञांतली शब्बाथाची, आठवड्यातला एक दिवस काम थांबवून देवासाठी पवित्र ठेवण्याची. म्हणून इथे विचारतो. मंगळवारी थांबलो तर तो शब्बाथ होतो, की नुसता ऑफ?

माझं थोडं वाचन झालंय, ते मांडतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, माणूस सहाव्या दिवशी घडवला जातो आणि सातव्या दिवशी देव विसावतो. म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला पहिला अख्खा दिवस सुट्टीचा होता. त्याने तोवर काहीच केलेलं नव्हतं! आपण उलट समजतो, आधी राबायचं आणि मग विसावा 'कमवायचा'. दुसरं म्हणजे ही आज्ञा बायबलच्या दोन पुस्तकांत आहे, निर्गम आणि अनुवाद (पुढचा आकडा अध्यायाचा), आणि कारणं वेगळी आहेत. निर्गम २० म्हणतं, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली म्हणून थांब. अनुवाद ५ म्हणतं, तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास याची आठवण ठेव, म्हणून थांब. हे दुसरं कारण मला जास्त भिडतं. निर्गमाच्या ५व्या अध्यायात फारो, म्हणजे मिसरचा राजा, विटांसाठीचा पेंढा देणं बंद करतो, पण विटांचा आकडा तोच ठेवतो. वर म्हणतो, तुम्ही आळशी झालात. आमच्या रिव्ह्यू मीटिंगला हा अध्याय वाचून दाखवावासा वाटतो.

तिकिटांची, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींची, रांग कधीच संपत नाही. संपल्यावर थांबू म्हटलं तर थांबणं होणारच नाही. पण माझा मंगळवार कपडे, बँक, गॅसवाला आणि झोप यांत जातो. याला शब्बाथ म्हणायला जीभ रेटत नाही.

मेगाब्लॉक:

रविवारी ट्रान्स हार्बरवर ब्लॉक असला की उपासनेला पोचेपर्यंत शेवटचा आशीर्वाद होऊन गेलेला असतो. मंगळवारच बरा दादा.

माजिवडेकरीण:

आमच्यात ती तिसरी आज्ञा आहे हो, चौथी तुमच्यात. काकांना सांगा, आधी नंबर ठरवून घेऊ. :)

मी ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचा जुना ख्रिस्ती समाज), कॅथलिक. आमच्याकडे रविवारच्या मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) बंधन आहे, पण ते शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने पूर्ण होतं, चर्चच्या कायद्यातच तसं आहे. आणि काम करावंच लागणाऱ्यांसाठी धर्मशिक्षणात सवलत आहे. घराची गरज किंवा समाजाला आवश्यक सेवा असेल तर तो दोष धरत नाहीत. सवलतीची सवय होऊ देऊ नका, एवढंच बजावलं आहे. तलावपाळीच्या सेंट जॉनला शनिवारी संध्याकाळी गेलात तर ऑफिसच्या बॅगा घेऊन आलेले बरेच दिसतील.

नोकरी बदल म्हणणं सोपं आहे. काका कुठून रिटायर झाले? सरकारी असणार.

सातवा दिवस:

धागाकर्ते, आपण मूळ प्रश्नच चुकीच्या वारावर विचारताय. आज्ञेत रविवार कुठे आहे? सातवा दिवस शनिवार. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. येशूने तो पाळला, प्रेषितांनी पाळला. ३२१ साली कॉन्स्टन्टाइन बादशहाने 'सूर्याच्या दिवशी' न्यायालयं आणि कारखाने बंद ठेवायचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली. त्याच शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांना शब्बाथाला विसावा घेण्याची मनाई केली, त्या दिवशी काम करा म्हणून. मनाई करावी लागली, याचा अर्थ लोक तोवर पाळत होते.

आम्ही ॲडव्हेंटिस्ट, शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ. शनिवारच्या परीक्षा आणि शनिवारच्या शिफ्टा सोडून दिलेली माणसं माझ्या घरात आहेत. किंमत मोजावी लागते. पण ज्याची किंमत नाही तो विसावा कसला?

जुनी पोथी:

सातवा दिवस, लावदिकियाचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, जमणं बादशहाच्या कितीतरी आधीचं आहे. सुमारे १५० साली जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आम्ही सूर्यवारी एकत्र येतो, कारण त्या दिवशी देवाने प्रकाश निर्माण केला आणि त्याच दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. बायबलच्या नव्या करारात पाहा, प्रकटीकरणात 'प्रभूचा दिवस' आहे, प्रेषितांच्या कृत्यांत आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडणं आहे. आणि प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात सांगितलं आहे की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

पण धागाकर्त्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. पहिली तीनशे वर्षं रविवार हा उपासनेचा दिवस होता, सुट्टीचा नव्हता! सुमारे ११२ साली बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. उजाडण्यापूर्वी का? मला दिसतं ते हे, की त्यांत दास होते आणि उजाडल्यावर मालकाच्या कामावर हजर व्हायचं होतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसावर पत्र लिहिलं, त्यातही मान्य केलं आहे की कित्येक शतकं ख्रिस्ती लोकांना रविवारी विसावा मिळत नव्हता, ते फक्त उपासना करत.

तेव्हा डुलक्या काढत उपासनेला बसणारा माणूस मंडळीच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. त्रोवस शहरात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तुम्ही निदान बाकावर आहात.

टेंभीनाका:

मी ख्रिस्ती नाही, पण विषय आवडला म्हणून लिहितो. चालेल ना?

हिंदुस्थानातली रविवारची सुट्टी साहेबाने चर्चसाठी दिली असा समज आहे. सरकारी कचेऱ्यांपुरतं ठीक, पण गिरणी कामगाराला ती कुणी आयती दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यात दिलेलं होतं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केलं. पुढच्या वर्षी कारखाना कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली. म्हणजे तुमच्या काकांना रविवारी उपासनेला जाता येतं त्यात खंडोबाचाही वाटा आहे.

अवांतर: शनिवार पाळणारे मराठी लोक आपल्याकडे फार जुने. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी यहूदी) लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. लोक त्यांना ओळखायचे ते काम न करण्यावरून! आमच्या टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलसमोर त्यांचं १८७९ सालचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, शआर हाशामाईम.

रात्रपाळी:

टेंभीनाका, चालेल काय, धावेल. लोखंड्यांचं नाव उपदेशात मी आजवर ऐकलं नव्हतं.

खवट:

सगळं गोड गोड चाललंय. बायबलमधलं गणना १५ वाचा की. शब्बाथाच्या दिवशी लाकडं गोळा करताना एक माणूस सापडतो आणि अख्खी छावणी त्याला धोंडमार करून ठार मारते. हा तुमचा विसावा?

जुनी पोथी:

खवट, तो उतारा मलाही पचत नाही आणि पचवून दाखवणार नाही. एवढंच म्हणतो की येशूचे शब्बाथावरून झालेले वाद नेमके याच धाकाशी आहेत. लूक १३ मध्ये अठरा वर्षं कुबड निघालेली बाई आहे. सभास्थानाचा अधिकारी म्हणतो, सहा दिवस आहेत ना, तेव्हा येऊन बरे व्हा. येशू विचारतो, तुम्ही शब्बाथाला आपला बैल ठाणावरून सोडून पाण्यावर नेता, मग हिला सोडायचं नाही? आज्ञा तो रद्द करत नाही. ती कुणाच्या सोयीसाठी आहे ते दाखवतो.

खवट:

अठरा वर्षं थांबली, एक दिवस आणखी थांबली असती, असं अधिकाऱ्याला वाटलं असणार. व्यवस्थापन सगळीकडे सारखंच. हे उत्तर चालेल.

पाळकीण:

बराच वेळ वाचतेय, आता बोलते.

पाळकाच्या (चर्चच्या पाद्र्याच्या) बायकोचा रविवार कसा असतो ते कुणी लिहिलंच नाही. पहाटे उठून घरचं, मग रविवारची शाळा, उपासना, मग चहा, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजनाची तयारी. दुपारी कुणीतरी 'सहज' घरी येतं, आणि सहज आलेला माणूस जेवूनच जातो. आमचे हे म्हणतात, मंदिरात याजक शब्बाथ मोडतात तरी निर्दोष ठरतात, मत्तय १२. बरोबर आहे. याजक निर्दोष. याजकाच्या घरी भांडी कोण घासतं, त्याबद्दल मत्तय काही लिहीत नाही.

आता आज्ञा नीट वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. बायको कुठे आहे? बैल आहे, गाढव आहे, बायको नाही. एकदा बायबल अभ्यासात विचारलं तर उत्तर मिळालं की 'तू' मध्ये नवरा-बायको दोघं येतात. उत्तर मला पटतं, कारण बाई मोकळी नसेल तर दासी मोकळी कशी होणार? पण मग ते तसं पाळा ना. आमच्या मंडळीत रविवार पाळण्यावर तावातावाने बोलणारे दादा दुपारी मटणाचा रस्सा गरमच मागतात.

रात्रपाळी, तुम्ही विचारलंत मंगळवार चालेल का. मी सोमवार धरला आहे. सोमवारी सकाळी फोन बंद, स्वयंपाक आदल्या दिवशीचा, आणि कुणाच्या घरी भेटीला जात नाही. आधी बायका कुजबुजल्या. मग दोघींनी विचारलं, आम्हीपण येऊन बसू का? मी म्हटलं, बसा, पण चहा मिळणार नाही.

माजिवडेकरीण:

पाळकीणबाई, तुम्हाला दंडवत.

आदल्या दिवशीच्या स्वयंपाकाबद्दल एक. निर्गम १६ मध्ये मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) गोळा करताना मोशे तेच सांगतो, काय भाजायचं शिजवायचं ते आजच करून ठेवा. आमची आजी सणाचं सरपोतेल (डुकराच्या मांसाचा मसालेदार रस्सा) आदल्या दिवशी करून ठेवायची, मुरलं की चव लागते म्हणून. फुगे (आमचे तळलेले गोल पाव) मात्र ताजे हवेत आणि ते तळायला कोण उभं राहतं विचारू नका. आता पुरुष मंडळींना तळायला लावते. पहिल्यांदा तेलकट झाले, लोकांनी खाल्ले.

सातवा दिवस:

पाळकीण ताईंचा मुद्दा आमच्याकडे लागू नाही असं म्हणायला आलो होतो. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सगळं शिजवून ठेवण्याची पद्धत आहे, त्याला आम्ही तयारीचा दिवस म्हणतो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तयारी कोण करतं ते पण लिहा.' लिहिलं.

वॉर्ड नंबर चार:

नेरूळला एका हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्यासाठी उत्तर सोपं मानतात, जीव वाचवणं शब्बाथाच्या वर. यहूदी धर्मशास्त्रातही तसंच आहे. मक्काबी घराण्याच्या पहिल्या पुस्तकात तर शब्बाथाला शस्त्र उचलायचं नाही म्हणून माणसं बिनविरोध मारली जातात आणि मग मत्तथ्या व त्याचे साथीदार ठरवतात की आपण लढायचं, नाहीतर कुणी उरणारच नाही.

पण 'सेवा' या शब्दाखाली काय काय खपतं तेही बघा. कमी माणसं नेमायची, एकीला दोन पाळ्या लावायच्या आणि वर म्हणायचं, सिस्टर, ही देवाची सेवा आहे. पेशंटसाठी रविवारी उभी राहीन. कुणाचा पगार वाचावा म्हणून उभं राहणं हे दयेचं काम नाही. माझी सुट्टी गुरुवारी असते. सकाळी स्तोत्र वाचते, मग झोपते. झोप हा माझ्या विसाव्याचा मोठा भाग आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. बायबलमधला संदेष्टा एलिया थकून झाडाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर देतो, पुन्हा झोपू देतो.

खारघर व्हाया कुवेत:

आखातात बरीच वर्षं काढली. तिथे आमची मराठी उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. एकालाही वाटलं नाही की प्रभू शुक्रवारी ऐकत नाही. २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी झाली, तेव्हा तिथल्या मंडळ्यांना वेळापत्रकं पुन्हा मांडावी लागली, नव्या रविवारची सवय नव्हती म्हणून कुरकुरही झाली.

मात्र एक फरक सांगतो. शुक्रवारी आम्ही सगळे एकत्र थांबायचो. रात्रपाळी एकटा मंगळवारी थांबतो. हा फरक लहान नाही. बायको कामावर, मुलं शाळेत, मंडळी बंद. एकट्याचा ऑफ आणि सगळ्यांचा विसावा यांतला हा फरक मला तरी वाराच्या प्रश्नाहून मोठा वाटतो.

रात्रपाळी:

कुवेतवाले काका, नेमकं बोट ठेवलंत. आमच्या मंडळीत दवाखाना, हॉटेल, विमानतळ, कॉल सेंटर असे शिफ्टवाले बरेच आहेत. मंगळवारी संध्याकाळी कळव्याला कुणाच्या तरी घरी जमून वाचन आणि जेवण, असं पाळकांना विचारतो. जेवण ज्याने त्याने आणायचं. पाळकीण ताई, चहा आमचा आम्ही करू.

पण या धाग्याने मला भलतीकडेच नेलं. मी विचारत होतो, मला विसावा कसा मिळेल. आज्ञेत मात्र 'तू' एकदाच येतो आणि पुढे सगळी दुसऱ्यांची यादी. अनुवाद ५ तर सांगतं की तुझ्यासारखाच तुझ्या दासादासींनाही विसावा मिळावा. निर्गम २३ मध्येही तेच, बैल-गाढवाला आराम मिळावा, दासीच्या मुलाला आणि उपऱ्याला दम खाता यावा. मी मंगळवारी थांबतो तेव्हा जेवण ॲपवरून मागवतो, दहा मिनिटांत दूध मागवतो. जिन्यावरून जो चढून येतो त्याचा वार कुठला?

खवट:

मग मागवणं बंद करा. त्याचा दिवसाचा धंदा बुडेल, आणि तुमचं मन शांत होईल.

रात्रपाळी:

म्हणूनच त्याच्यावर मी ठाम काही बोलत नाही. त्याचा दिवस माझ्या हातात नाही. पण सोसायटीचा वॉचमन आहे. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सातही दिवस. गावी गेला की पगार कापला जातो. तो आपल्या वेशीच्या आतला आहे, अगदी गेटवरच बसतो. आणि त्याचा पगार मेंटेनन्समधून जातो, म्हणजे माझ्याकडून जातो.

जुनी पोथी:

संदेष्टा आमोसच्या पुस्तकात, ८व्या अध्यायात, व्यापारी विचारतात, शब्बाथ कधी संपेल, म्हणजे गहू विकायला काढू, माप लहान करू, तराजू खोटा करू. ते दुकान बंद ठेवत होते! वार चोख पाळत होते. आमोस तरी त्यांच्यावर तुटून पडतो. तुमचा वॉचमनचा मुद्दा मला तिथे जाऊन बसतो.

हिशेबनीस:

खारघरमध्ये सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणून व्यवहाराचं बोलतो. वॉचमनला आठवड्याची सुट्टी द्यायची तर त्या दिवसाचा बदली माणूस लागतो आणि एजन्सी त्याचे वेगळे पैसे लावते. ते प्रत्येक फ्लॅटवर वाटले जातात. आकडा ऐकला की सभेत धर्म, जात, पंथ विसरून सगळे एक होतात. आमच्याकडे हा विषय दोनदा आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. विरोध करणाऱ्यांत रविवारी न चुकता चर्चला जाणारे होते, गुरुवारी उपास करणारेही होते.

सातवा दिवस:

ठराव शनिवारी संध्याकाळनंतरच्या सभेत ठेवा, मी आमच्या सोसायटीत अनुमोदन देतो. वारावरून तुमच्याशी पुढे भांडेनच.

रात्रपाळी:

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर आहे. 'सुरक्षा रक्षकास आठवड्यातून एक सुट्टी द्यावी' असा विषय लिहून देतो. हिशेबनीस, मसुदा बरोबर आहे का?

हिशेबनीस:

नाही, असा देऊ नका. 'सलग २४ तास' असं लिहा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टीची भाषा तीच आहे, ती उचला. नाहीतर एजन्सी रात्रपाळी करून सकाळी सुटलेल्या माणसाला त्याच रात्री दुसऱ्या गेटवर उभा करते आणि मधला दिवस सुट्टी म्हणून दाखवते. आणि 'पगारी' हा शब्द विसरू नका. बदली माणसाच्या खर्चाचा आकडा फ्लॅटनिहाय काढून आधीच नोटीस बोर्डावर लावा. सभेत पहिल्यांदा कळला तर ठराव गेलाच समजा.

पाळकीण:

आणि रात्रपाळी, तो ठराव मांडायच्या आधी वॉचमनला विचारा, त्याला कुठला वार हवा.